घाण नाय, बुरशी

पेणच्या त्या दवाखान्यात भिंतीला लागून आठ खुर्च्या होत्या. तीन रिकाम्या होत्या. आई मला त्यातल्या एकीवर बसवायला गेली, तर काउंटरमागची मुलगी म्हणाली, "तिला तिथे नको. बाहेर बसवा. बाकीचे पेशंट आहेत."

बाहेर म्हणजे जिथे चपला काढतात तिथे. आम्ही दोघी तिथे बसलो. लोक येत, आमच्या बाजूला चपला काढत, माझ्या मानेकडे बघत आणि आत जाऊन खुर्चीवर बसत. आमच्या मागून आलेल्या चारजणी आत जाऊन, औषध घेऊन परत गेल्या.

मी अकरा वर्षांची होते. मान, काखा, पोट, मांड्या, सगळीकडे गोल चट्टे. कडा लाल, वर आलेल्या. मधे कोरडं, पापुद्रे सुटलेलं. खाज अशी की बोलता बोलता रडू यायचं.

आत गेल्यावर डॉक्टरने मला बसवलं नाही. उभंच ठेवलं. हात लावला नाही. खिशातलं पेन काढलं आणि पेनाच्या टोकाने माझा फ्रॉक वर केला. पोटापर्यंत. दार उघडं होतं. बाहेरच्या खुर्च्या मला दिसत होत्या, म्हणजे मीही खुर्च्यांवरच्यांना दिसत होते.

"रोज आंघोळ करतेस का?"

मी मान हलवली.

"खोटं बोलू नकोस." मग तो आईकडे वळला. "ए बाई, तुम्ही खाडीकडची माणसं. ओल्या कपड्यांत दिवस काढता, एका गोधडीत चार-चार झोपता. हे होणारच. ही घाण आहे, घाण. आधी घाण काढा, मग औषध."

आमच्या आधीच्या बाईला तो 'मॅडम, या' म्हणाला होता. मी ऐकलं होतं.

आईने पिशवीतून माझी फाईल काढली. सांगायचा प्रयत्न केला की पोरीला किडनीचा आजार हाय, गोळ्या चालू हायत. त्याने फाईल हाताने बाजूला सारली. ते वेगळं, म्हणाला. मग मोबाइल काढून माझ्या उघड्या पोटाचा फोटो घेतला. विचारलं नाही. चिठ्ठीवर एका मलमाचं नाव लिहिलं आणि बेल वाजवली.

ती फाईल त्याने उघडली असती तर पुढचं बरंच टळलं असतं.

सातव्या वर्षी माझे डोळे सुजले होते. मग पाय, मग पोट. लघवीतून प्रथिनं जात होती. पनवेलच्या मोठ्या दवाखान्यात आठ दिवस ठेवलं. तेव्हापासून मी स्टेरॉइडच्या गोळ्यांवर होते. गोळ्या कमी केल्या की सूज परत यायची, परत गोळ्या वाढायच्या. त्याने किडनी सांभाळली जायची, पण अंगाची लढायची ताकद कमी व्हायची. तिथल्या डॉक्टरांनी आईला समजावलं होतं, हिला काही झालं तर लवकर पसरेल, लक्ष ठेवा.

आईने लक्ष ठेवलं होतं. माझी आई मिठागरात मीठ ओढायची. शाळेत दोन इयत्ता गेलेली. पण रोज सकाळी ती माझी लघवी वाटीत धरायची, त्यात कागदाची पट्टी बुडवायची, पट्टीचा रंग बाटलीवरच्या रंगांशी जुळवायची आणि वहीत लिहायची. अक्षर जमायचं नाही, म्हणून एक काडी, दोन काड्या, तीन काड्या. चार वर्षांत एकही दिवस चुकली नाही. लग्नाला गेली तरी पट्टी पदरात बांधून. अशा बाईला तो म्हणाला, आधी घाण काढा.

मलम लावलं. दोन दिवसांत लाली गेली. खाज गेली. आईने आमच्या गल्लीत चौघींना सांगितलं की पेणचा डॉक्टर तोंडाने वाईट, पण औषध चांगलं देतो. आठवड्याने मलम संपलं. चौथ्या दिवशी चट्टे परत आले. मोठे. आता गोल नव्हते, वेडेवाकडे, एकमेकांत मिसळलेले.

परत गेलो. परत बाहेर बसलो. परत तेच मलम. तो म्हणाला, लावण्यात कसूर करता, स्वच्छता नाही, दोष माझ्या औषधाला नाही. असं वर्षभर चालू राहिलं. मांड्यांची कातडी पातळ झाली, कांद्याच्या पापुद्र्यासारखी. आतल्या शिरा दिसायला लागल्या.

शाळेत बाईंनी मला बाकावरून उठवलं. वर्गाच्या दाराबाहेर, वऱ्हांड्यात पोतं टाकलं. तिथून फळ्याचा अर्धा भाग दिसायचा. खिचडी वाढताना माझं ताट वेगळं. ते ताट कुणी धुवायचं नाही, मी घरी न्यायचं. गोळ्यांनी माझा चेहरा गोल सुजलेला असायचा, पोरं आधी मला फुगा म्हणायची. आता नाव बदललं. खरूज. मी वऱ्हांड्यातून गेले की पोरी भिंतीला चिकटून उभ्या राहायच्या, माझा फ्रॉक लागू नये म्हणून. त्यातल्या एकीबरोबर मी पहिलीपासून एका बाकावर बसत होते. तीही.

घरी येऊन मी हे सांगितलं नाही. आईला गावातून कळलं.

त्या दिवशी रविवार होता. दुपारची वेळ. आईने चुलीवर पाणी तापवलं, मला मागच्या अंगणात दगडावर बसवलं. हातात काथ्या घेतला, भांडी घासायचा. साबण लावला आणि घासायला लागली. पहिल्यांदा मान. मग पाठ. मग मांड्या. मी ओरडले. ती थांबली नाही. ती माझ्याकडे बघतच नव्हती. दात आवळून, एका लयीत, जशी फरशी घासतात तशी. तोंडाने पुटपुटत होती, "काढते घाण. काढते मी. कोन बोलतंय बगते." पाण्यात रक्त यायला लागलं तेव्हा शेजारची काकी धावत आली. तिने आईच्या हातातला काथ्या ओढून घेतला. आई तशीच बसून राहिली, ओल्या लुगड्यात, हात पसरून.

लोक मला विचारतात, तुला सगळ्यात जास्त राग कशाचा आला. त्या खुर्च्यांचा नाही. त्या पेनाचाही नाही. त्या माणसाने एक शब्द बोलून माझ्या आईचा हात माझ्यावर चालवला, त्याचा.

दोन दिवसांत ताप भरला. डावी मांडी लाल, गरम, दगडासारखी. बाबा धरमतरच्या जेटीवर बार्जमधून माल उतरवायला जायचे. ते काम सोडून आले, मला खांद्यावर घेतलं आणि पनवेलच्या दवाखान्यात नेलं. तिथे सलाइनमधून औषध सुरू झालं. ताप उतरायला पाच दिवस लागले.

सहाव्या दिवशी कातडीच्या विभागातली एक तरुण डॉक्टर वॉर्डात आली. गोड वगैरे नव्हती. घाईत होती, चिडलेली होती. आईला म्हणाली, इतके महिने झोपला होता का? आईने पिशवीतून त्या मलमाची रिकामी ट्यूब काढून तिच्या हातात दिली.

तिने ट्यूबवरची बारीक अक्षरं वाचली. परत वाचली. मग खाटेवर बसली.

तिने आईला जे समजावलं ते मी तिथे पडून ऐकलं. त्या एका ट्यूबमध्ये तीन औषधं होती. त्यातलं एक जोरदार स्टेरॉइड. त्याने लाली आणि खाज दाबली जाते, माणसाला वाटतं बरं झालं. खाली बुरशी वाढत राहते. ज्या पोरीच्या पोटात आधीच स्टेरॉइड जातंय, तिच्या कातडीवर पुन्हा स्टेरॉइड चोळायचं म्हणजे बुरशीला घर उघडून द्यायचं. कातडी पातळ झाली ती त्यानेच.

मग ती बोथट ब्लेड घेऊन आली. चट्ट्याच्या कडेचे पापुद्रे काचेच्या पट्टीवर खरवडून घेतले. आधी विचारलं, "खरवडू का? दुखणार नाही, चरचरेल." मला कुणीतरी विचारलं. मी हो म्हणाले. तिने पट्टीवर औषधाचा थेंब टाकला आणि निघून गेली. थोड्या वेळाने परत आली आणि मला चाकाच्या खुर्चीत बसवून खालच्या खोलीत नेलं. मायक्रोस्कोपला डोळा लावायला सांगितलं.

आधी काही दिसलं नाही. मग दिसलं. बारीक धागे. फांद्या फुटलेले, गाठी असलेले, एकमेकांवरून गेलेले.

"ही बुरशी आहे," ती म्हणाली. "कुणालाही होते. माझ्या भावाला झाली होती. तुझ्या अंगाची ताकद गोळ्यांनी कमी केलीय, म्हणून तुझ्यात जास्त पसरली. यात घाण कुठे आहे?"

मी किती वेळ डोळा लावून बसले मला माहीत नाही. वर्षभर माझ्या अंगावर जे होतं, ज्याला सगळे घाण म्हणत होते, ते हे होतं. त्याला नाव होतं. ते दिसत होतं. म्हणजे ते मी नव्हते. मी वॉर्डात परत आले आणि आईला सांगितलं, "आये, घाण नाय. बुरशी हाय." आईने मान फिरवली. खिडकीकडे बघत राहिली. तिचे खांदे हलत होते.

उपचार साधे होते, पण चोख होते. रोज एक गोळी, माझ्या वजनाच्या हिशेबाने. ती देण्याआधी रक्त तपासलं आणि किडनीच्या डॉक्टरला फोन करून विचारलं, किडनीच्या गोळ्यांशी या गोळीचं भांडण होणार नाही ना. स्टेरॉइड नसलेलं साधं मलम, चट्ट्याच्या कडेच्या बाहेर दोन बोटांपर्यंत लावायचं. कपडे गरम पाण्यात, कडक उन्हात. टॉवेल प्रत्येकाचा वेगळा. आणि घरातल्या सगळ्यांना तपासायचं. बाबांच्या जांघेत चट्टे निघाले. ओल्या चड्डीवर दिवसभर गोणी उचलणारा माणूस, वर्षभर लाजेने गप्प बसला होता. त्यांनाही औषध. कातडी साफ दिसायला लागली तरी गोळी थांबवायची नाही, असं तिने दहा वेळा बजावलं. आईने वहीत नवं पान सुरू केलं. लघवीच्या काड्या एका बाजूला, गोळीचे ठिपके दुसऱ्या बाजूला.

दोन महिन्यांनी माझं अंग कोरं झालं. मांड्यांवर मात्र पातळ कातडी फाटून रेघा पडल्या. त्या अजून आहेत. त्या जाणार नाहीत.

मग शाळा. पनवेलच्या डॉक्टरने लिहून दिलं होतं की आता हिच्यापासून कुणाला लागण होणार नाही, वर्गात बसवा. बाईंनी कागद वाचला आणि परत दिला. म्हणाल्या, आमच्या कमिटीच्या डॉक्टरांची सही आणा. शाळेच्या कमिटीवरचा डॉक्टर म्हणजे पेणचाच तो.

आम्ही परत गेलो. या वेळी चपलांपाशी बसायला लागलं नाही. काउंटरवरच्या मुलीने माझी मान बघितली आणि खुर्ची दाखवली. मी बसले नाही.

आत त्याच्या टेबलापाशी दोन पोरं उभी होती, शिकाऊ डॉक्टर असावेत. आणि एक टायवाला माणूस, औषध कंपनीचा. डॉक्टरने मला बघितलं आणि खूश झाला. त्या तिघांना म्हणाला, हीच ती केस. आधीचा फोटो आहे माझ्याकडे. टायवाल्याला म्हणाला, तुमच्या मलमाचा रिझल्ट बघा. आई म्हणाली, डॉक्टर, पनवेलला औषध केलं. त्याने ऐकलं नाही. किंवा ऐकलं आणि सोडून दिलं. मोबाइल काढला.

"फ्रॉक वर कर."

चार पुरुष. आणि आई. आईचा हात माझ्या फ्रॉककडे आला. सवयीने. वर्षभर प्रत्येक डॉक्टरसमोर तोच हात फ्रॉक वर करत आला होता.

मी कड धरून ठेवली. दोन्ही मुठींत.

"नाय करनार."

"अगं, लाजायचं काय त्यात? डॉक्टरसमोर लाजतात का?"

"नाय करनार. तुमच्या औषधाने गेलं नाय. तुमच्या औषधाने वाढलं."

टायवाला खाली बघायला लागला. शिकाऊ पोरांतला एक हसला, की खोकला, कळलं नाही. डॉक्टरचा चेहरा आधी तसाच राहिला. मग त्याने मोबाइल टेबलावर ठेवला आणि आईसमोरचा कागद बोटाने मागे सारला.

"सही पाहिजे ना तुला, बाई? मग पोरीला वळण लाव. फोटो झाल्यावर सही."

आई खाली वाकली. माझ्या कानाशी तोंड आणलं. "कर गो बाय. येक फोटोच तं हाय. शाला जाईल तुजी."

मी मुठी सोडल्या नाहीत. तिने बोटं उकलायचा प्रयत्न केला. एक बोट उकललं. मी परत मिटलं. शेवटी तिने कागद उचलला, बिनसहीचा, आणि मला ओढत बाहेर आणलं.

दवाखान्याच्या पायरीवर आईने मला मारलं. तोंडावर. दोनदा. लोक बघत होते. मी रडले नाही. एसटी स्टँडपर्यंत ती पुढे आणि मी मागे. गाडीत ती माझ्या शेजारी बसली नाही. मला वाटलं होतं तिला माझा अभिमान वाटेल. असलं काही झालं नाही. तिला फक्त एवढं दिसत होतं की पोरीने शाळा घालवली. आणि तिचं खोटं नव्हतं. त्या शाळेत मी परत कधी गेले नाही. ते वर्ष घरी काढलं. मिठागराच्या बांधावर बसून पुस्तकं वाचली, ज्यातलं निम्मं कळलं नाही.

पुढच्या जूनमध्ये रोह्याचा मामा आमच्या जवळच्या कासूच्या स्टेशनवर आला आणि मला गाडीने रोह्याला घेऊन गेला. तिथल्या शाळेत पनवेलचा कागद दाखवला. हेडमास्तरांनी तो न वाचताच फाईलला लावला. एवढंच होतं. एवढ्यासाठी पेणला चौघांसमोर फ्रॉक वर करायचा होता.

आता मी एकवीस वर्षांची आहे. किडनीचा आजार चौदाव्या वर्षी शांत झाला. डॉक्टर व्हायचे मार्क पडले नाहीत. लॅब टेक्निशियनचा कोर्स केला आणि रोह्यातल्या एका लॅबमध्ये काम करते. रक्त घेते, लघवी तपासते, काचेच्या पट्ट्या बनवते. आईने त्या दिवसाबद्दल एकदाच तोंड उघडलं. मला पहिल्यांदा पांढरा कोट घातलेला बघितला तेव्हा. म्हणाली, "तवा मी तुजी बोटं उकलत व्हती." तिला माफ करण्यासारखं माझ्याकडे काही नाही. ती वर्षभर त्या चपलांपाशी माझ्याबरोबर बसली होती.

गेल्या महिन्यात खांब गावाकडची एक बाई आली. नवरा कंपनीत कॉन्ट्रॅक्टवर. कडेवर चार वर्षांची मुलगी, डोक्यावर केस नाहीत, रुमाल बांधलेला. रक्ताचा कॅन्सर, मुंबईला उपचार चालू. पेशी मोजायला रक्त द्यायचं होतं. बाही वर करायला मी मुलीला विचारलं, करू का? तिने हात पुढे केला. दंडावर चट्टा होता. वेडावाकडा, कडा पुसट, मधे पातळ. मी तिच्या आईला विचारलं, याला काय लावता? तिने पिशवीतून मलम काढलं. रोह्यातल्याच एका मोठ्या डॉक्टरने दिलेलं. दुसरी कंपनी, तीच तीन औषधं.

मी तिला तिथेच सांगितलं. यात काय आहे, हिच्या अंगात ताकद कमी असताना याने काय होतं. म्हटलं, मुंबईच्या डॉक्टरांना आजच फोन करा, चट्ट्याचा फोटो तुम्ही स्वतः काढून पाठवा, खरवडून तपासा म्हणावं. तिने विचारलं, "आमी सोच्च ठेवतो गो हिला. तरी कसं झालं?" म्हणजे तिलाही कुणीतरी म्हटलं होतं. मी म्हटलं, तुमची चूक नाय.

काउंटरवर लॅबचे मालक ऐकत होते. बाई गेल्यावर त्यांनी मला आत बोलावलं. त्यांचा आवाज कधी चढत नाही. म्हणाले, "ते डॉक्टर आपल्याला पेशंट पाठवतात. त्यांच्या औषधावर तू बोलणारी कोण? टेक्निशियनने रिपोर्ट द्यायचा. बोलायचं नाही."

"मी बोलणार," मी म्हणाले.

"मग इथे राहता येणार नाही."

"काढा."

अजून काढलेलं नाही. दुसरं माणूस मिळालं नसेल. मिळालं की काढतील. रोह्यात आणखी लॅब आहेत, पेणला आहेत, अलिबागला आहेत. एका ठिकाणाहून काढलं तर दुसऱ्या ठिकाणी तेच बोलेन, आणि तिथून काढलं तर तिसऱ्या. हळू आवाजात नाही बोलणार. बाजूला घेऊन नाही बोलणार. खुर्च्यांवर बसलेल्या सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलेन. डॉक्टर समोर असला तर त्याच्या तोंडावर बोलेन.

पेणचा तो दवाखाना मोठा झालाय म्हणतात. मी त्या माणसाला माफ केलेलं नाही. करणार नाही.